रात्री धावणाऱ्या मोटारींचे छायाचित्रण : प्रकाश कोणाचा?

रात्री धावणाऱ्या मोटारीचे छायाचित्र कसे घ्यावे हा प्रश्न छायाचित्रणाच्या पुस्तकांत बहुधा शटर स्पीडचा प्रश्न म्हणून मांडलेला आढळतो. शटर स्पीड म्हणजे कॅमेऱ्यातला पडदा जितका वेळ उघडा राहून फिल्मवर किंवा सेन्सरवर प्रकाश पडू देतो तो काळ. तो अल्प असला की गाडी जागच्या जागी थिजते आणि दीर्घ असला की तिची रेघ उमटते, एवढ्यावर हे विवेचन संपते. ही मांडणी चुकीची नाही, पण ती दिवसाच्या छायाचित्रणातून आलेली आहे, आणि दिवसा गाडी, रस्ता, झाडे, माणसे या सगळ्यांवर एकच सूर्य प्रकाश टाकत असल्यामुळे तेथे काळाचा विचार पुरेसा ठरतो. रात्री मात्र दृश्यातला प्रत्येक घटक वेगळ्या दिव्याने उजळलेला असतो, काही घटक स्वतःच दिवे असतात आणि बरेचसे घटक उजळलेलेच नसतात. त्यामुळे पडदा किती वेळ उघडा ठेवायचा हे ठरवण्याआधी चित्रातला प्रकाश कोणाचा आहे हे ठरवावे लागते. गाडीचा स्वतःचा प्रकाश, त्या जागेचा प्रकाश आणि छायाचित्रकाराने आणलेला प्रकाश असे तीन पर्याय संभवतात, आणि या विषयातील जवळजवळ सर्व तंत्रे, वाद आणि चुका या तिन्हींच्या नात्यातून समजून घेता येतात.

मूळ अडचण किती मोठी आहे हे साध्या हिशेबाने कळते. पृष्ठभागावर पडणारा प्रकाश लक्स या एककात मोजतात. भर दुपारच्या उन्हात तो एक लाखाच्या आसपास असतो, तर शहरातल्या बऱ्यापैकी उजळलेल्या रस्त्यावर तो २० लक्स धरता येतो. एवढ्या प्रकाशात आयएसओ, म्हणजे फिल्मची किंवा सेन्सरची प्रकाशग्राहकता, १०० ठेवली आणि भिंगाचे छिद्र, ज्याला अॅपर्चर म्हणतात, एफ/८ इतके ठेवले, तर रस्ता नीट दिसण्यासाठी पडदा सुमारे ८ सेकंद उघडा ठेवावा लागतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तेवढ्या वेळात १३० मीटरहून अधिक अंतर कापते, म्हणजे चित्राच्या चौकटीतून केव्हाच निघून गेलेली असते. उलट आयएसओ ६४०० पर्यंत वाढवून आणि अॅपर्चर एफ/२.८ इतके उघडून तोच रस्ता सेकंदाच्या साठाव्या भागात टिपता येतो, परंतु तेवढ्या वेळातही ती गाडी २८ सेंटीमीटर सरकते आणि तिची कड पुसट होते. गाडी खरोखर थिजवायची तर सेकंदाचा हजारावा भाग हवा, आणि सामान्य रस्त्यावर तेवढ्या वेळात पुरेसा प्रकाशच मिळत नाही. रात्रीच्या या छायाचित्रणाचा सारा इतिहास म्हणजे या तुटीशी केलेली तडजोड आहे, आणि तडजोडींची रूपे काळानुसार बदलत गेली आहेत.

दीर्घ एक्स्पोजरमध्ये, म्हणजे पडदा बराच वेळ उघडा ठेवून घेतलेल्या चित्रात, हलत्या वस्तू नाहीशा होतात हे छायाचित्रणाच्या जन्मापासून माहीत आहे. लुई दागेर याने १८३८ मध्ये पॅरिसच्या बुलव्हार द्यू तांप्ल या रस्त्याचे जे चित्र घेतले त्यात दिवसाउजेडीही त्या गजबजलेल्या रस्त्यावरचे टांगे आणि पादचारी उमटलेले नाहीत. बूट पुसून घेण्यासाठी एका जागी थांबलेला माणूस तेवढा दिसतो. रात्रीच्या बाबतीत याच तत्त्वाला एक अपवाद आहे आणि तो फार महत्त्वाचा आहे: हलणारी वस्तू नाहीशी होते, पण हलणारा दिवा नाहीसा होत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये पॉल मार्टिन आणि न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड स्टीग्लिट्झ रात्रीची शहरे टिपू लागले, तेव्हा समोरून कंदील लावलेली गाडी आली की ती जाईपर्यंत भिंग झाकून ठेवावे असा रात्री काम करणाऱ्यांचा रिवाज होता, कारण त्या दिव्याने ओढलेली रेघ चित्राचा दोष मानली जाई. ब्रासाय याने १९३२ च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या पॅरिसच्या रात्रींच्या पुस्तकात मोटारींचे दिवे चित्रात प्रवेश करतात, पण मुख्यतः धुक्यात पसरलेली आभा आणि ओल्या फरसबंदीवरचे प्रतिबिंब म्हणून. सिगारेट जळायला लागणाऱ्या वेळेवर एक्स्पोजर मोजणाऱ्या या छायाचित्रकाराची कला स्थिर रात्रीची होती. जी रेघ पूर्वी झाकली जात होती ती पुढे मुद्दाम मिळवली जाऊ लागली, हा या विषयातला सर्वांत मोठा रुचिबदल म्हणावा लागेल. गॉडफ्री रेजिओ यांच्या १९८२ च्या ‘कोयानिस्कात्सी’ या चित्रपटात रॉन फ्रिक यांनी टिपलेले रात्रीच्या अमेरिकी महामार्गांचे वेगवान प्रवाह मोठ्या पडद्यावर आले, तोवर दिव्यांच्या नद्या हे आधुनिक शहराचे सर्वमान्य चिन्ह होऊन गेले होते.

गाडीच्या स्वतःच्या प्रकाशाने बनणाऱ्या या रेषांना छायाचित्रकार लाइट ट्रेल म्हणतात. त्यांच्याविषयी सर्वाधिक पसरलेला गैरसमज असा की पडदा जास्त वेळ उघडा ठेवला की रेषा अधिक उजळ होतात. प्रत्यक्षात दिव्याची प्रतिमा सेन्सरवरच्या कोणत्याही एका बिंदूवर क्षणभरच थांबते आणि पुढे सरकते, त्यामुळे रेषेची उजळता त्या बिंदूवरच्या मुक्कामावर, म्हणजे प्रतिमेच्या सरकण्याच्या वेगावर, आणि अॅपर्चर व आयएसओवर अवलंबून असते. एकूण वेळ वाढवल्याने रेषा लांब होते, उजळ होत नाही. वेळेने उजळते ती पार्श्वभूमी, म्हणजे इमारती, रस्ता आणि आकाश. म्हणूनच अॅपर्चरने रेषा सांभाळावी आणि वेळेने पार्श्वभूमी, हा नियम इतर सर्व सूचनांपेक्षा अधिक उपयोगाचा आहे, आणि तो समजला की अनेक कोडी आपोआप सुटतात. वाहतूक तुंबलेली असताना घेतलेल्या चित्रात रेषा पांढऱ्याफटक का होतात, तर दिवे प्रत्येक बिंदूवर जास्त वेळ रेंगाळतात म्हणून. सिग्नलपाशी रेषांमध्ये गाड्यांची धूसर भुते का दिसतात, तर काही गाड्या एक्स्पोजरचा बराच काळ तेथे उभ्या होत्या म्हणून. आणि भरधाव गाडीची रेषा फिकी का पडते, तर वेग दुप्पट झाला की प्रत्येक बिंदूला मिळणारा प्रकाश निम्मा होतो म्हणून.

या रेषांमध्ये किती माहिती साठलेली असते याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही, आणि ते जायला हवे. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या अमेरिकी दांपत्याने १९१० च्या दशकात कामगारांच्या बोटांना छोटे दिवे बांधून, ते ठरावीक गतीने लुकलुकते ठेवून दीर्घ एक्स्पोजरची चित्रे घेतली, आणि रेषेतल्या ठिपक्यांच्या अंतरावरून हाताच्या हालचालीचा वेग मोजला. मोटारीच्या इंडिकेटरमध्ये नेमकी हीच सोय नकळत झालेली आहे. इंडिकेटर मिनिटाला साधारण ६० ते १२० वेळा लुकलुकतो. तो ९० धरला तर ताशी ६० किलोमीटर वेगाच्या गाडीची नारिंगी तुटक रेषा दर ११ मीटरला एकदा पेटलेली दिसते, आणि रस्त्यावरच्या खांबांमधले अंतर माहीत असेल तर त्या एका छायाचित्रावरून गाडीचा वेग काढता येतो. अलीकडच्या एलईडी टेललाइटचा प्रकाश मंद ठेवण्यासाठी तो सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करण्याची पद्धत अनेक गाड्यांत वापरली जाते. डोळ्याला तो अखंड वाटतो, पण दीर्घ एक्स्पोजरमध्ये त्याची मोत्यांच्या सरासारखी ठिपक्यांची रांग उमटते. सेकंदाला २०० ठोके धरले तर वर सांगितलेल्या वेगाला हे ठिपके रस्त्यावरच्या आठ-आठ सेंटीमीटरच्या अंतराचे असतात. जुन्या तंतूच्या बल्बची रेषा सलग असे, त्यामुळे एकाच चित्रात जुन्या आणि नव्या गाड्या केवळ रेषेच्या पोतावरून वेगळ्या काढता येतात.

रंगही असाच बोलका असतो. फ्रान्समध्ये १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९३ पर्यंत मोटारींना पिवळे हेडलाइट लावणे कायद्याने बंधनकारक होते, म्हणून त्या काळातल्या पॅरिसच्या रंगीत रात्रचित्रांत येणाऱ्या गाड्यांचा प्रवाह सोनेरी दिसतो आणि नंतरच्या चित्रांत पांढरा. दिशेचाही पुरावा रेषांतच असतो: भारतात वाहतूक डाव्या बाजूने चालत असल्यामुळे रस्त्याच्या रोखाने पाहणाऱ्या कॅमेऱ्याला जाणाऱ्या गाड्यांचा तांबडा प्रवाह डावीकडे आणि येणाऱ्या गाड्यांचा पांढरा प्रवाह उजवीकडे दिसतो, फ्रान्समध्ये किंवा अमेरिकेत याच्या नेमके उलट.

मुंबई हे या प्रकारच्या छायाचित्रणाचे भारतातले सर्वांत परिचित केंद्र आहे, आणि त्याचे कारण भूगोलात आहे. मलबार हिलच्या माथ्यावरून मरीन ड्राइव्हची कमान एका नजरेत येते. रस्ता वळत असल्यामुळे हेडलाइट थेट भिंगावर फार वेळ रोखलेले राहत नाहीत, शेजारच्या समुद्रामुळे चित्राचा एक मोठा भाग काळाभोर राहतो आणि त्या काळोखामुळे कमानीला रेखीव कड मिळते. येथे जागेचा प्रकाश आणि गाड्यांचा प्रकाश यांचा समतोल साधण्यासाठी सूर्यास्तानंतरचा संधिप्रकाश सर्वांत उपयोगी ठरतो, कारण त्या वेळी निळ्या आकाशाची उजळता आणि रस्त्यावरच्या दिव्यांची उजळता एकमेकींच्या जवळ येतात आणि एकाच एक्स्पोजरमध्ये दोन्ही सामावतात. मुंबईच्या अक्षांशावर हा नागरी संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांत सरतो, तर उत्तर फ्रान्समध्ये जूनमध्ये तो चाळीस मिनिटांच्या आसपास टिकतो. युरोपीय पुस्तकांत दिलेली निवांत वेळापत्रके कोकणपट्टीवर लागू पडत नाहीत याचे हे साधे कारण आहे. येथल्या छायाचित्रकाराला चौकट आधी ठरवून, ट्रायपॉड आधी रोवून, फोकस उजेड असतानाच साधून थांबावे लागते.

पावसाळ्याचा विचार याच संदर्भात करावा लागेल, कारण रात्रीच्या रस्त्याचे रूप पाण्याने जितके बदलते तितके दुसऱ्या कशानेही बदलत नाही. कोरडे डांबर प्रकाश सर्व दिशांना विखुरते, म्हणून ते स्वतः करडे दिसते आणि दिव्यांना प्रतिबिंब देत नाही. ओल्या डांबरावर पाण्याचा थर आरशाचे काम करतो, त्यामुळे गाडीच्या हेडलाइटचा बराचसा प्रकाश चालकाकडे परत न येता पुढे निघून जातो. चालकाला रस्ता अधिक काळा दिसतो आणि समोर उभ्या असलेल्या छायाचित्रकाराला तोच रस्ता दिव्यांनी भरलेला दिसतो. प्रत्येक लाइट ट्रेलच्या खाली दुसरी, किंचित थरथरती रेषा तयार होते, आणि रस्ता जितका खडबडीत तितकी ती उभी लांबते. जुलैतल्या पावसाळी रात्रीचे मरीन ड्राइव्ह हिवाळ्यातल्या त्याच जागेपेक्षा छायाचित्रासाठी कितीतरी समृद्ध असते, आणि कॅमेरा भिजण्याच्या भीतीने हा ऋतू सोडून देणे ही खरी हानी आहे.

जागा निवडताना कायदा आणि सुरक्षितता यांना वगळून चालत नाही. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर गाडी थांबवण्यास आणि पायी जाण्यास मनाई आहे, त्यामुळे त्याची रात्रीची चित्रे वांद्रे किल्ल्याच्या बाजूने किंवा वरळीच्या किनाऱ्यावरून घ्यावी लागतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या कडेला छायाचित्रासाठी थांबणे नियमबाह्य तर आहेच, पण रात्री कडेला उभी असलेली गाडी ही त्या मार्गावरच्या प्राणघातक धोक्यांपैकी एक आहे. बोरघाटातल्या वळणांचे दिवे खंडाळ्याच्या उंच कड्यांवरून पाहता येतात आणि तेथून ते अधिक चांगलेही दिसतात. वरून पाहिल्याने हेडलाइटचा झोत भिंगात शिरत नाही, रेषा एकमेकींवर न चढता सुट्या राहतात आणि रस्त्याचा आराखडा स्पष्ट होतो, म्हणजे येथे सुरक्षित जागा आणि योग्य जागा एकच आहे.

लाइट ट्रेलच्या चित्रात गाडी नसते, तिचा मागमूस असतो. गाडी दिसायलाच हवी असेल तर पॅनिंगकडे वळावे लागते. पॅनिंग म्हणजे धावत्या गाडीच्या वेगाशी जुळेल अशा गतीने कॅमेरा फिरवत ठेवून पडदा उघडणे. गाडीची प्रतिमा सेन्सरवर त्याच जागी राहते म्हणून ती स्पष्ट उमटते आणि स्थिर जग आडवे पुसले जाते. रात्रीच्या पॅनिंगमध्ये ट्रायपॉडवरच्या चित्राची बरोबर उलटापालट होते: तेथे गाडीचे दिवे रेषा ओढत होते आणि शहराचे दिवे बिंदू होते, येथे शहराचे दिवे रेषा ओढतात आणि गाडीचे दिवे बिंदू राहतात. शिवाय पार्श्वभूमीतल्या सर्व रेषांमध्ये छायाचित्रकाराच्या हाताचा एकच कंप उमटतो, त्यामुळे हात कोठे डगमगला हे कोणालाही वाचता येते. हे तंत्र अवघड होण्याचे मुख्य कारण कोनीय वेग, म्हणजे कॅमेरा किती अंशांनी किती वेळात फिरवावा लागतो ते मान. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी १० मीटर अंतरावरून समोरून जाताना कॅमेरा सेकंदाला जवळजवळ ९५ अंश फिरवावा लागतो, तीच ५० मीटरवरून गेली तर १९ अंश पुरतात. जवळच्या गाडीचे तोंड आणि शेपूट कॅमेऱ्याच्या दृष्टीने वेगवेगळ्या कोनीय वेगाने सरकत असल्यामुळे तिचा एखादाच भाग स्पष्ट येतो. म्हणून अनुभवी छायाचित्रकार लांब उभे राहून लांब पल्ल्याचे भिंग वापरतात.

पॅनिंगची सर्वांत कठोर परीक्षा फ्रान्समधल्या ल मां येथील २४ तासांच्या शर्यतीत होते. १९२३ मध्ये सुरू झालेली ही शर्यत १३.६ किलोमीटरच्या सार्त मार्गावर होते आणि त्या मार्गाचा बराच भाग एरवीचा सार्वजनिक रस्ता असल्यामुळे तेथे स्टेडियमसारखी रोषणाई नाही. ज्या म्यूलसान सरळीवर गाड्या ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातात तेथे जंगलातला काळोख असतो. जूनमध्ये तेथे रात्र सुमारे आठ तासांची असते, आणि त्या काळात गाडीवर पडणारा प्रकाश बहुधा दुसऱ्या गाडीचा असतो: मागून येणारीचे हेडलाइट पुढचीच्या कडा उजळतात, त्यांचा रस्त्यावरून परतलेला प्रकाश तिच्या पोटाखाली पसरतो आणि तेवढ्यातच छायाचित्रकाराला तिचा आकार गवसतो. वळणापूर्वी ब्रेक दाबल्यावर कार्बनच्या चकत्या लालबुंद होतात. कोणताही घन पदार्थ सुमारे ५२५ अंश सेल्सिअसला डोळ्यांना दिसेल असा तांबडा प्रकाश देऊ लागतो हे जॉन विल्यम ड्रेपर याने १८४७ मध्ये दाखवून दिले होते, आणि शर्यतीतल्या चकत्या त्याहून कितीतरी जास्त तापतात. दिवसा हे तेज सूर्यप्रकाशात बुडून जाते. चाकाच्या आत पेटलेले हे वर्तुळ रात्रीच्याच छायाचित्राला मिळते, आणि गाडी किती जोराने थांबवली जात आहे हे त्याच्याइतके थेट सांगणारे दुसरे काही चित्रात असू शकत नाही.

पडदा कसा उघडतो याचाही परिणाम धावत्या गाडीच्या आकारावर होतो. झाक आंरी लार्तिग याचे शर्यतीच्या गाडीचे जगप्रसिद्ध छायाचित्र, जे दीर्घकाळ १९१२ चे मानले गेले आणि नंतरच्या अभ्यासकांनी १९१३ चे ठरवले, ते दिवसा घेतलेले असले तरी येथे विचारात घ्यावे लागते. त्यात गाडीचे चाक पुढे झुकलेल्या लंबवर्तुळासारखे आणि कडेचे प्रेक्षक उलट दिशेला कललेले दिसतात, कारण त्याच्या कॅमेऱ्यातली पडद्याची फट उभ्या दिशेने सरकत जात होती आणि चित्राचे वरचे व खालचे भाग वेगवेगळ्या क्षणी नोंदले गेले. त्याने कॅमेरा फिरवला होता, पण गाडीइतका जलद फिरवला नव्हता. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने हे काम जगापुढे मांडले. आजच्या बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांतले इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सरच्या ओळी एकामागून एक वाचते, म्हणून तोच दोष नव्या रूपात परत येतो, आणि लुकलुकत्या एलईडी दिव्यांखाली त्यात काळ्या-उजळ पट्ट्यांची भर पडते. सर्व ओळी एकाच क्षणी नोंदणारा सेन्सर, ज्याला ग्लोबल शटर म्हणतात, तो सोनी कंपनीने २०२३ मध्ये ए९ थ्री या कॅमेऱ्यात आणल्यावर ही अडचण निदान व्यावसायिक स्तरावर दूर झाली.

जागेच्या प्रकाशाने प्रश्न जवळजवळ पूर्णपणे सोडवल्याचे उदाहरण म्हणजे सिंगापूर. २८ सप्टेंबर २००८ रोजी तेथे फॉर्म्युला वन स्पर्धेची पहिली रात्रशर्यत झाली, तेव्हा शहरातल्या रस्त्यांच्या मार्गावर सुमारे १५०० झोतदिवे लावून ३००० लक्सच्या आसपास प्रकाश निर्माण करण्यात आला होता. एवढ्या प्रकाशात आयएसओ १६०० आणि एफ/४ अॅपर्चरला सेकंदाचा सुमारे बाराशेवा भाग मिळतो आणि ताशी ३०० किलोमीटर वेगाची गाडीही त्या वेळात सात सेंटीमीटरच सरकते. त्याच सुमारास, २००७ च्या अखेरीस आलेल्या निकॉन डी३ सारख्या कॅमेऱ्यांनी आयएसओ ६४०० हे रोजच्या वापराचे मान केले होते. या दोन गोष्टी एकत्र आल्यावर रात्री गाडी थिजवणे ही कामगिरी राहिली नाही. मात्र या यशाची किंमत मोजली गेली आहे हे स्पष्टपणे म्हणायला हवे. सर्व बाजूंनी सारख्या उजळलेल्या रस्त्यावर सेकंदाच्या हजाराव्या भागात टिपलेली गाडी उभी असल्यासारखी दिसते. मागचे आकाश काळे आहे एवढेच रात्रीचे लक्षण उरते. हे वृत्तपत्राला उपयोगाचे असेल, जाहिरातदाराच्या नावाला सोयीचे असेल, परंतु रात्र आणि वेग या दोन्ही गोष्टी ज्यासाठी टिपायच्या त्या त्यातून निसटलेल्या असतात. सिंगापूरची उत्तम चित्रेही बहुधा सेकंदाच्या तिसाव्या किंवा साठाव्या भागात केलेल्या पॅनिंगची आहेत, हे या संदर्भात पुरेसे बोलके आहे. विजेच्या दिव्यांची आणखी एक अडचण येथे नोंदवावी लागते: ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात, म्हणून अतिअल्प शटर स्पीडला एकामागून एक घेतलेली चित्रे कधी उजळ तर कधी काळवंडलेली येतात. दिव्याच्या ठोक्याशी जुळवून पडदा उघडण्याची सोय २०१४ नंतरच्या अनेक कॅमेऱ्यांत आली.

तिसरा प्रकाश छायाचित्रकाराचा. फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही अल्प असू शकतो, त्यामुळे पडदा किती वेळ उघडा आहे याची पर्वा न करता तो गाडीला थिजवतो. फ्लॅश आणि दीर्घ एक्स्पोजर एकत्र वापरले की एकाच चित्रात दोन काळ नांदतात, पण त्यांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. पडदा उघडताच फ्लॅश पडला तर गाडी आधी थिजते आणि तिच्या दिव्यांच्या रेषा नंतर तिच्या पुढे ओढल्या जातात, म्हणून गाडी मागे जात असल्याचा भास होतो. पडदा मिटण्यापूर्वी फ्लॅश पाडला तर रेषा गाडीच्या मागे राहतात. या दुसऱ्या पद्धतीला रिअर कर्टन सिंक म्हणतात. छायाचित्रकाराच्या प्रकाशाचे सर्वांत भव्य काम मोटारींचे नसून आगगाड्यांचे आहे: ओ. विन्स्टन लिंक या अमेरिकी छायाचित्रकाराने १९५५ ते १९६० या काळात नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची शेवटची वाफेची इंजिने रात्री टिपण्यासाठी तारांनी जोडलेल्या फ्लॅशबल्बच्या रांगा उभ्या केल्या. त्याच्या १९५६ च्या एका प्रसिद्ध चित्रात पुढे उघड्यावरच्या चित्रपटगृहात रांगेने उभ्या असलेल्या मोटारी आहेत आणि मागून इंजिन धावत जात आहे. सूर्य आपल्याला हवा तेथे हलवता येत नाही म्हणून रात्र निवडायची, हा लिंकचा विचार रात्रीला अडचण न मानता साधन मानणारा होता.

सार्वजनिक रस्त्यावर मात्र येणाऱ्या गाडीवर फ्लॅश टाकणे सर्वथा वर्ज्य मानले पाहिजे, कारण काळोखाला सरावलेले चालकाचे डोळे त्या लखलखाटानंतर काही सेकंद निकामी होतात. वेगमर्यादा तपासणाऱ्या यंत्रणांनी हा धोका फार पूर्वी ओळखला. मॉरिस गॅट्सोनिडेस हा १९५३ ची माँटे कार्लो रॅली जिंकणारा डच चालक. वळणावरचा स्वतःचा वेग मोजण्यासाठी त्याने विकसित केलेल्या उपकरणातून १९५८ मध्ये कंपनी उभी राहिली आणि तिच्या नावाचे कॅमेरे पुढे ब्रिटनमध्ये घरोघरी माहीत झाले. ते गाडी पुढे गेल्यावर तिच्या पाठीमागून फ्लॅश टाकत आणि थोड्या अंतराने दुसरे छायाचित्र घेत, म्हणजे रस्त्यावरच्या पांढऱ्या खुणांवरून वेग पडताळता येई. आजच्या यंत्रणा बहुधा डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश वापरतात. भारतात १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना बंधनकारक झालेल्या उच्चसुरक्षा नंबरप्लेटचा पृष्ठभाग प्रकाश आल्या दिशेलाच परत पाठवतो. पोलिसांच्या कॅमेऱ्याला ती सोय आहे, पण कॅमेऱ्यावरच बसवलेला फ्लॅश वापरणाऱ्याच्या चित्रात तीच पाटी पांढरा डाग होऊन बसते. फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर धरला की हा डाग नाहीसा होतो.

जाहिरातींतल्या रात्रीच्या मोटारी हा वेगळाच वर्ग आहे. गाडीला लांब दांडा जोडून त्याच्या टोकाला कॅमेरा बसवतात, रिकाम्या रस्त्यावर गाडी माणसाच्या चालीने ढकलत नेतात, पडदा काही सेकंद उघडा ठेवतात आणि नंतर चित्रातून दांडा पुसून टाकतात. पाहणाऱ्याला गाडी ताशी दीडशेने जात असल्याचे वाटते. तंत्र म्हणून हे चतुर आहे, पण त्यातला वेग खोटा आहे, आणि ज्या माध्यमाची सारी ताकद घडलेल्या गोष्टीच्या नोंदीत आहे त्यात ही गोष्ट क्षुल्लक म्हणता येणार नाही. दोन गाड्या समान वेगाने शेजारून चालवून एकीतून दुसरीचे चित्र घेण्याची पद्धत अधिक प्रामाणिक आहे, मात्र ती बंद केलेल्या रस्त्यावर आणि चालवणारा व टिपणारा वेगळा असतानाच शोभते.

मोबाइल फोनने हाच प्रश्न गणिताकडे सोपवला आहे. २०१८-१९ पासून रूढ झालेला नाइट मोड अनेक अल्प एक्स्पोजर एकावर एक जुळवून उजेड साठवतो आणि जे भाग जुळत नाहीत ते गाळतो किंवा एकाच चौकटीतून घेतो, त्यामुळे धावत्या गाड्या कधी अर्धवट नाहीशा होतात, तर कधी उभ्या असल्यासारख्या दिसतात. २०२१ मध्ये गुगलच्या पिक्सेल ६ मध्ये आलेल्या सोयीने तर गाडी ओळखून तिच्यामागची पार्श्वभूमी हिशेबाने पुसली जाऊ लागली. अशा पुसण्यात रस्त्यावरच्या दिव्यांची खरी तीव्रता बहुधा हरवते, म्हणून जेथे लखलखीत रेषा हवी तेथे फिकट पट्टा उमटतो. आणि हाताचा जो कंप खऱ्या पॅनिंगला ओळख देतो तो त्यात नसतो. चौकटी एकावर एक रचून लाइट ट्रेल बनवण्याची पद्धत कॅमेरेवालेही वापरतात आणि ती ग्राह्य आहे, फक्त दोन चौकटींमध्ये अर्ध्या सेकंदाचा खंड राहिला तर ताशी ६० किलोमीटरच्या गाडीची रेषा आठ मीटर तुटलेली दिसते.

या साऱ्या तंत्रांखालचा प्रकाश मात्र सध्या झपाट्याने बदलत आहे. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून देशभर रस्त्यांवरचे सोडियमचे दिवे काढून एलईडी लावले गेले. त्याच वर्षी मरीन ड्राइव्हवर पांढरे एलईडी आले तेव्हा ‘राणीचा रत्नहार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तेथल्या दिव्यांच्या कमानीचा पिवळा रंग गेल्याबद्दल मोठी नाराजी उमटली आणि नंतर तेथे पिवळसर छटेचे दिवे लावण्यात आले. सोडियमच्या दिव्याचा प्रकाश बहुतांशी पिवळ्या-नारिंगी लहरींचा असल्यामुळे त्याखाली निळी गाडी निळी दिसत नसे, आणि चित्रावर कितीही संस्कार केले तरी तो निळा परत मिळत नसे. एलईडीखाली गाड्यांना त्यांचे रंग परत मिळाले. गाड्यांमागे आता रुंदीभर पसरलेली अखंड तांबडी पट्टी येऊ लागली असल्याने जेथे दोन रेषा उमटत तेथे दूर जाणाऱ्या गाडीचा सबंध पृष्ठभाग उमटतो. रात्रीच्या रस्त्याचे कोणतेही छायाचित्र त्यामुळे दिव्यांच्या एका विशिष्ट पिढीचा पुरावा ठरते, पण मुंबईच्या अशा हजारो चित्रांखाली ना तारीख असते, ना जागा, ना एक्स्पोजरचा काळ, आणि फ्रान्सचे पिवळे हेडलाइट जसे आज केवळ चित्रांतून पाहता येतात तसेच सोडियमखालचे मरीन ड्राइव्हही यापुढे चित्रांतूनच पाहता येणार आहे. ज्यांच्याकडे २०१५ पूर्वीच्या निगेटिव्ह आणि मूळ फाइली आहेत त्यांनी त्या तारीख, जागा आणि दिव्याच्या प्रकारासह सार्वजनिक संग्रहांकडे सोपवणे, आणि संग्रहांनी त्या रंग न सुधारता जपणे, हे या क्षेत्रातले सर्वांत तातडीचे काम आहे.